वहीसकट मिळालेलं पिल्लू: एका फोस्टर होमचा अनुभव

चिंगीला, म्हणजे आमच्या मांजराच्या पिल्लाला, घरी आणून आता चार महिने झाले. रिव्ह्यू खरंतर पहिल्याच आठवड्यात लिहायचा होता, पण तेव्हा लिहिला असता तर नुसतं कित्ती गोड कित्ती गोड एवढंच झालं असतं म्हणून थांबले. आता तिचं आजारपण झालं, फोस्टरताईंशी (म्हणजे बेवारस पिल्लांना कायमचं घर मिळेपर्यंत स्वतःच्या घरी सांभाळणाऱ्या ताई) एकदा वाजलं, नसबंदी झाली, सगळं बघून झालंय तर नीट लिहिते. ज्यांना पिल्लू घ्यायचंय आणि विकत घेऊ, रस्त्यावरचं उचलू की फोस्टरकडून घेऊ असं चाललंय त्यांच्यासाठी आहे हे. ताईंचं नाव देत नाहीये, ते त्यांचं राहतं घर आहे आणि पत्ता फिरला की लोक रात्री दाराबाहेर खोक्यात पिल्लं ठेवून जातात, हे त्यांनीच सांगितलं. कोणाला खरंच घ्यायचं असेल तर मला वेगळा मेसेज करा, मी त्यांना विचारून नंबर देईन.

आधी तक्रार सांगून टाकते. रिप्लाय फार उशिरा येतो. मी पहिला मेसेज केला त्याला सहाव्या दिवशी उत्तर आलं, आणि उत्तर म्हणजे काय तर एक फॉर्म. दिवसभर घरी कोण असतं, गावाला गेलात तर मांजराला कोण बघणार, घरातल्या प्रत्येकाला विचारलंय का, भाड्याचं घर असेल तर मालकाची हरकत नाही ना, आधी कुठला प्राणी होता का आणि तो कसा गेला. शेवटचा प्रश्न वाचून मला जरा लागलंच. आम्ही काय मूल दत्तक घेतोय का असं नवरा म्हणाला, आणि मग आम्ही दोघं गप्प बसलो कारण दत्तकच घेत होतो की.

मग व्हिडिओ कॉलवर घर दाखवायचं. हा भाग लोकांना आवडत नाही, माझ्या एका मैत्रिणीने याच पायरीला नाद सोडून दिला. पण मी सांगते, त्या अर्ध्या तासात मला मांजराबद्दल जेवढं कळलं तेवढं आधीच्या महिनाभरात व्हिडिओ बघून कळलं नव्हतं. त्यांनी कॅमेरा खिडक्यांकडे फिरवायला लावला. ग्रिल आहे म्हटलं तर म्हणाल्या गजांतून पिल्लाचं डोकं जातं, आणि डोकं गेलं की अंग जातंच, जाळी लावा. मांजर उंचावरून पडलं तरी पायावर पडतं त्याला काही होत नाही हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, तर त्यांनी शांतपणे सांगितलं की पायावर पडतं हे बरोबर, पण उंचावरून पडल्यावर जबडा फुटतो, छातीला मार बसतो, पाय मोडतात, त्यांनी स्वतः अशी मांजरं सांभाळलीयेत. मग टेबलावरच्या फुलदाणीवर नजर गेली. लिलीची फुलं होती. ती आजच्या आज घराबाहेर, म्हणाल्या, लिलीचे नुसते परागकण अंगावर पडले आणि मांजराने ते चाटले तरी किडनी जाऊ शकते. पॅरासिटॅमॉलची स्ट्रिप ड्रॉवरवर पडलेली होती ती पण दिसली त्यांना. माणसाला तापात देतो ती गोळी मांजराला जीवघेणी असते, थोडीशी सुद्धा. हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी मांजरवाल्यांनाही माहीत नाहीये, मी विचारून बघितलं.

जाळी लावली, फोटो पाठवला, तेव्हा कुठे बघायला या म्हणाल्या.

घर साधंच. एक खोली पूर्ण पिल्लांची. आत जाताना चपला बाहेर, हात धुवायचे, आणि दुसऱ्या घरच्या मांजरांना हात लावून आला असाल तर त्या दिवशी येऊच नका असा नियम. पॅनल्युकोपेनिया म्हणून जो आजार असतो त्याचा व्हायरस चपलांवरून, कपड्यांवरून येतो आणि घरात वर्षभर टिकू शकतो, लस पूर्ण न झालेली पिल्लं त्याने पटापट जातात. म्हणून नवीन आलेलं पिल्लू पण लगेच बाकीच्यांत सोडत नाहीत, दोन आठवडे वेगळं. खोलीत मला वाटलं होतं तसा वास नव्हता. शी-शूचे ट्रे चार होते, एकूण पिल्लं तीन. मांजरं जितकी त्याहून एक ट्रे जास्त असा हिशोब असतो म्हणे.

मला केशरी बोका हवा होता. फोटोत तोच बघून गेले होते आम्ही, आणि तो होताही तसाच, दार उघडल्या उघडल्या लेकीच्या मांडीवर चढला. काळा एक कपाटाखाली, त्याचे फक्त डोळे दिसले. आणि तिसरी ही, तीन रंगांची, डाव्या डोळ्यावर दुधासारखा पांढुरका ठिपका. ती आमच्याकडे आलीच नाही, लांब बसून बघत राहिली. लेकीने विचारलं मावशी ही मुलगी आहे का मुलगा, तर ताई म्हणाल्या तीन रंग म्हणजे जवळजवळ नक्की मुलगीच. केशरी रंगाचं जनुक एक्स क्रोमोझोमवर असतं, केशरी आणि काळा दोन्ही एकत्र यायचे तर दोन एक्स लागतात, म्हणून तीनरंगी बोके हजारांत एखादा. माझी लेक नऊ वर्षांची आहे, तिला किती कळलं माहीत नाही, पण घरी आल्यावर तिने आजीला ते जसंच्या तसं सांगितलं.

त्या दिवशी त्यांनी पिल्लू दिलं नाही. पुन्हा या म्हणाल्या, आणि साहेबांना पण आणा, त्यांना शिंका येतात असं फॉर्मवर लिहिलंय ना. नवऱ्याला अ‍ॅलर्जी आहे थोडी. आम्हाला वाटायचं ती केसांची, तर ती केसांची नसते, मांजराच्या लाळेत एक प्रथिन असतं, फेल डी वन म्हणतात त्याला, मांजर अंग चाटतं तेव्हा ते केसांना लागतं आणि मग घरभर होतं. त्यामुळे केस कमी असलेलं मांजर घेऊन सुटका होईलच असं नाही. तो दोनदा जाऊन एकेक तास त्या खोलीत बसून आला. डोळ्यांना खाज आली, दम लागला नाही. डॉक्टरांना विचारून घेतलं, आणि मांजराने बेडरूममध्ये यायचं नाही एवढं ठरवलं, ते आजपर्यंत पाळतोय. अ‍ॅलर्जीमुळे महिनाभरात परत आलेली मांजरं ताईंनी बघितलीयेत, म्हणून एवढा आग्रह. घरून घरी फिरवलेलं मांजर पुन्हा विश्वास ठेवायला वेळ घेतं, असं म्हणाल्या.

दुसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, खरं सांगू का, तुम्ही हिला न्या. केशऱ्याला दहा जण विचारतायत, तो कुठेही रुळेल. तुमचं घर शांत आहे, लेक जोरात बोलत नाही, हिला तसंच लागतं. मी लगेच डोळ्याचं विचारलं. त्यांनी काहीच लपवलं नाही. लहानपणी कॅटफ्लू म्हणजे मांजरांची सर्दी झालेली, हर्पिस नावाच्या व्हायरसची, त्यात डोळ्याला जखम झाली, ती भरली पण डाग राहिला, तो राहणारच. दिसतं थोडं कमी. आणि हा व्हायरस एकदा शिरला की अंगात तसाच राहतो, ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो, घर बदललं की येईल कदाचित, तयारी ठेवा. माणसांना होत नाही. हे सगळं ऐकून पण न्यायचं असेल तर न्या, नाहीतर मला वाईट वाटणार नाही, एवढं बोलून त्या गप्प बसल्या. आम्ही तिघं एक शब्द न बोलता एकमेकांकडे बघितलं आणि हो म्हणालो.

आता वहीबद्दल लिहिते, कारण माझ्या मते या सगळ्या रिव्ह्यूत सांगण्यासारखी गोष्ट तीच आहे. साधी दोनशे पानी वही. पहिल्या पानावर तारीख आणि लिहिलंय, बंद पार्किंगमधून तीन पिल्लं, हिला गाडीच्या बॉनेटमधून काढली, वय अंदाजे तीन आठवडे, वजन २४० ग्रॅम, अंग थंड. खाली ओळ, आई येते का म्हणून संध्याकाळपर्यंत लांबून वाट बघितली, आली नाही. मी हे पान ताईंसमोर वाचू शकले नाही, घरी येऊन वाचलं.

जन्मताना पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचं असतं आणि नीट वाढलं तर आठवड्याला शंभरेक ग्रॅम चढतं, म्हणजे तीन आठवड्यांचं पिल्लू साडेतीनशे-चारशेचं हवं. ही २४० ची. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नसतं, आधी ऊब द्यायची, अंग गरम झाल्याशिवाय पोट दूध पचवत नाही, ते पण वहीत आहे, ८:१० ऊब, ९:३० अंग गरम, ९:४० पहिलं दूध ४ मिली. गाईचं दूध नाही हं, त्याने जुलाब होतात, पिल्लांचं वेगळं पावडरचं दूध मिळतं. आणि पालथं ठेवून पाजायचं, बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध फुफ्फुसात जातं. मग रात्रीचे आकडे, १२:४५, ३:५०, ६:३०. असे किती दिवस. शी-शू सुद्धा इतकी लहान पिल्लं कधीकधी आपली आपण करू शकत नाहीत, आई चाटते तेव्हा होते, आई नसेल तर ओल्या कापसाने पुसून करवून घ्यावी लागते, त्याच्या पण खुणा आहेत. रोजचं वजन. एके ठिकाणी दोन दिवस वजन वाढलेलंच नाहीये आणि समोर पेनाने नुसतं गोल गोल गिरवलंय, काही लिहिलेलं नाही. तिसऱ्या दिवशी १४ ग्रॅम वाढ, त्याखाली जाड रेघ.

आठव्या आठवड्यात ६९० ग्रॅम, पहिली लस. दहाव्या आठवड्यात ९२० ग्रॅम, त्याच दिवशी ती आमच्याकडे आली. आठ आठवड्यांच्या आत त्या कोणालाच पिल्लू देत नाहीत, दहा-बारा झाले तर अजून बरं म्हणतात, कारण चावायचं किती, नखं कधी आत घ्यायची हे भावंडांशी मारामारी करूनच शिकतात ती. आमची चिंगी खेळताना हात तोंडात धरते पण दात लावत नाही. माझ्या बहिणीने पाच आठवड्यांचं पिल्लू आणलेलं कुठूनतरी, त्याने सगळ्यांचे हात बोचकारून ठेवलेत अजून.

सोबत काय काय मिळालं ते पटकन सांगते. लसीचं कार्ड, पुढच्या तारखा लिहून (दुसरी बाराव्या आठवड्यात, तिसरी सोळाव्या, रेबीजची बारा झाल्यावर), जंताच्या औषधाची नोंद, दहा दिवस पुरेल एवढं तेच खाणं म्हणजे नवीन हळूहळू मिसळता यावं, वापरातल्या लिटरची (शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात ते) पिशवी, आणि ती ज्यावर झोपायची तो जुना टॉवेल, न धुतलेला. टॉवेल धुऊ नका असं तीनदा सांगितलं. लिटर पण गोळे होणारं नाही, साधं, कारण एवढी पिल्लं सगळं तोंडात घालतात आणि ते पोटात गेलं तर आतच गोळा होतो. पिल्लाचे पैसे घेतले नाहीत, मात्र नसबंदी करीन असं लेखी घेतलं, कधी करायची ती तारीख सुद्धा टाकून.

पहिले दोन दिवस चिंगी कपाटामागे. एकाच खोलीत ठेवायची, पूर्ण घर दाखवायचं नाही, तिला ओढून काढायचं नाही, असं बजावलेलं होतं. लेक जमिनीवर पोटावर पडून तिला गोष्ट वाचून दाखवायची, तिच्याकडे रोखून न बघता, आणि मध्येच डोळे सावकाश मिटून सावकाश उघडायचे. ही युक्ती पण ताईंचीच. मला खोटं वाटलेलं पण नंतर कळलं की २०२० साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी याच्यावर अभ्यास छापलाय, माणसाने तसे डोळे मिटले की मांजरं पण तसेच मिटतात आणि जवळ यायला जास्त तयार होतात. तिसऱ्या रात्री चिंगीने कपाटामागून डोळे मिटून दाखवले. लेक झोपलेली होती, मी बघितलं.

त्याच तिसऱ्या दिवशी वजन ८८५ भरलं. माझे हातपाय गळाले. रात्री अकरा वाजता ताईंना फोन केला, मेसेज सहा दिवस पडून राहतो, पण फोन दुसऱ्या रिंगला उचलला. खातेय का, थोडं. शू होतेय का, हो. वही काढा, सव्वीस तारखेचं पान बघा. बघितलं तर तिला एका खोलीतून दुसरीत हलवलं होतं तेव्हा पण असंच तीस ग्रॅम उतरलेलं आणि दोन दिवसांत परत आलेलं. उद्या सकाळपर्यंत काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) न्या, एवढं लहान पिल्लू दिवसभर उपाशी ठेवायचं नाही, पण खाणं थोडं कोमट करून बघा आधी, वास सुटला की खातात. खाल्लं. पाचव्या दिवशी ९३०.

आणि आठव्या दिवशी डोळा आला. पाणी, लाली, शिंका. त्यांनी सांगितलं होतं तसंच, त्यामुळे घाबरले पण गोंधळले नाही. व्हेटकडे वही घेऊन गेले. त्यांनी पाच मिनिटं नुसती पानं उलटली, आधी कधी झालेलं, कुठले ड्रॉप्स दिले, किती दिवसांत बरं वाटलं, कुठल्या औषधाने जुलाब झाले. मग डोळ्यात तो हिरवा रंग टाकून नवीन जखम नाही ना बघितलं आणि म्हणाले असं इतिहासासकट पेशंट आमच्याकडे क्वचित येतो. आठवड्यात डोळा स्वच्छ. डाग आहे तसाच आहे, तो आता आम्हाला दिसत पण नाही.

आता भांडण. चौथ्या आठवड्यात लेकीच्या हातावर गोल लाल चट्टा उठला, कडा उठलेल्या. डॉक्टर म्हणाले गजकर्ण, घरात नवीन प्राणी आहे का. चिंगीच्या कानामागे बघितलं तर केस गेलेले छोटासा गोल. व्हेटने अंधारात जांभळ्या दिव्याखाली धरली तर तिथले केस हिरवे चमकले. केस तपासायला पाठवले आणि औषध सुरू. ताईंना फोन केला तेव्हा कळलं की आमच्या आधी त्या खोलीत एक वेगळं पिल्लू होतं ज्याला गजकर्ण झालेलं, ते बरं झालं, खोली साफ केली, म्हणून त्यांना सांगायचं सुचलं नाही. मी खूप चिडले. एवढी वही लिहिता, चार मिली दुधाची नोंद आहे, आणि माझ्या मुलीला होऊ शकणारी गोष्ट त्यात नाही? गजकर्णाची बुरशी चादरीत, कंगव्यात, फटींत वर्षभराहून जास्त राहू शकते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. महिनाभर आमच्याकडे रोज चादरी उकळत्या पाण्यात, रोज व्हॅक्यूम, चिंगीला औषधी आंघोळ, लेकीला मलम, आणि तिला मांजराजवळ झोपायचं नाही म्हणून रोज रात्री रडू.

त्यांनी कारणं दिली नाहीत हे मी मान्य करते. चूक माझी म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी औषधी शाम्पू घेऊन स्वतः आल्या, आंघोळ कशी घालायची, औषध अंगावर दहा मिनिटं कसं ठेवायचं ते दाखवून गेल्या, आणि काळ्या पिल्लाला तपासून घेतलं, केशऱ्याच्या नवीन घरी पण कळवलं. आता त्यांच्या प्रत्येक वहीच्या शेवटी एक पान असतं, या पिल्लासोबत खोलीत कोण होतं आणि त्याला काय झालेलं. मी बघून आलेय ते पान. तरीही एक स्टार मी यासाठीच कापतेय, आणि त्यांना सांगून कापतेय. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी हा प्रश्न तोंडाने विचाराच, कुठूनही पिल्लू घ्या: मागच्या काही महिन्यांत या जागी कोणाला त्वचेचं काही झालेलं का?

नसबंदी पाच महिन्यांची झाल्यावर केली. मला लवकर वाटत होती, पण भाटी चौथ्या महिन्यातच गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत वितेही, म्हणून थांबवलं नाही. सकाळी नेली संध्याकाळी आणली, दुसऱ्या दिवशी उड्या मारायला लागली तिला आवरता आवरता आमचीच दमछाक. तारखेच्या आदल्या दिवशी ताईंचा आठवणीचा मेसेज आलेला, त्या बाबतीत मात्र उशीर नाही.

वही आम्ही पुढे चालू ठेवलीये. लेक लिहिते. वजन आता दर रविवारी, परवा २ किलो ६५०. मध्ये मध्ये ती चित्रं काढते, आणि एकदा तिने लिहिलं होतं, आज चिंगी माझ्या पायावर झोपली, मी दीड तास शू ला गेले नाही.

पाच पैकी चार. कोणाला द्यायचं नाही हे त्यांना नीट कळतं, आणि दिल्यावर फोन उचलतात, एवढ्यावर मी कोणालाही तिकडे पाठवीन. घाई असलेल्यांनी जाऊ नका, महिना जातो. पहिल्यांदा मेसेज कराल तेव्हा एकाच मेसेजमध्ये घरात कोण कोण, खिडक्यांना जाळी आहे का, अ‍ॅलर्जी कोणाला, सगळं लिहा, म्हणजे पुढचं लवकर होतं.

आणि काळा अजून तिथेच आहे. गजकर्ण त्याला नव्हतं, तब्येत उत्तम, नसबंदी झालेली, साडेतीन किलोला आलाय. माणूस आलं की कपाटाखाली जातो म्हणून फोटोत नीट येत नाही आणि फोटोत येत नाही म्हणून कोणी विचारत नाही. आमच्याकडे नवऱ्याच्या अ‍ॅलर्जीमुळे दुसरं मांजर शक्य नाही, नाहीतर मी कधीच आणला असता. गेलात तर अर्धा तास जमिनीवर बसा, हात पुढे करू नका, काठीला दोरी बांधून हळूहळू हलवत राहा. मागच्या रविवारी मी बसले होते, विसाव्या मिनिटाला एक पंजा बाहेर आला. त्याची पहिली वही भरली, ताईंनी दुसरी सुरू केलीये.